आकडा वाढला, पण एन्झाइम कुणाचं?

गेल्या अंकात काचेच्या फ्लास्कमधे पेशी कशा वाढवतात त्यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर आलेली पत्रं बघून मीच चाट पडले. बहुतेकांचं विचारणं फिरूनफिरून एकच, की या पेशींना व्हायरस लागला की त्यांच्या एन्झाइमचं काय होतं, वाढतं की घटतं. काहींनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून सगळ्यांचाच फक्त एरिया देतेय. आपल्या बडोद्यात एरिया सांगितला तरी अर्धी ओळख पटतेच म्हणा.

ताई, मी एमएससी बायोकेमिस्ट्रीला आहे. प्रोजेक्टमधे व्हेरो सेल्सना (माकडाच्या किडनीच्या पेशी) व्हायरस देऊन मीडियममधलं, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातलं, एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम) मोजतेय. ४८ तासांनी मॉकपेक्षा, म्हणजे व्हायरस न दिलेल्या पेशींपेक्षा, खूपच जास्त येतं. गाईड म्हणतात, "व्हायरसमुळे एलडीएचचं उत्पादन वाढलं" असं लिहून टाक. लिहू का? (विद्यार्थिनी, प्रतापगंज)

नको लिहूस, निदान एवढ्यावर तरी नको. एलडीएचची जागा मीडियममधे नाहीच मुळी, ते पेशीच्या आत सायटोप्लाझममधे असतं, जवळजवळ १,४०,००० डाल्टनचं धूड आहे ते, पडदा शाबूत असेल तर सहजासहजी बाहेर पडत नाही. ते बाहेर सापडलं म्हणजे पेशींचे पडदे फाटतायत, आत्ता तुझ्या हातात एवढंच आहे. उत्पादनाबद्दल तुझं रीडिंग काहीच बोलत नाहीये.

त्यासाठी तीच प्लेट दोनदा मोजावी लागेल. वरचं मीडियम काढून वेगळं ठेव, खाली चिकटलेल्या पेशी ट्रायटन एक्स-१०० (एक डिटर्जंट) घालून फोड, आणि दोन्हीकडे पायरुवेट आणि एनएडीएच टाकून ३४० नॅनोमीटरला रीडिंग किती वेगानं उतरतंय ते बघ (एनएडीएच ३४० ला प्रकाश शोषतं आणि त्याचं एनएडी झालं की शोषत नाही, सगळी गंमत एवढीच). समजा मॉकमधे आत ९५ युनिट निघाले आणि बाहेर ५, आणि इन्फेक्टेडमधे आत ४० आणि बाहेर ५८, तर बेरीज १०० आणि ९८, म्हणजे नवीन काही बनलेलंच नाही, आतलं बाहेर आलंय फक्त. बेरीजच जर दुप्पट निघाली तर मग उत्पादनाचं बोलू.

आता दोन गोष्टी ज्या कुठल्याच रिपोर्टमधे कुणी लिहीत नाही आणि व्हायव्हाला एक्स्टर्नलनं विचारलं की सगळे गाईडकडे बघतात. पहिली म्हणजे तुझा व्हायरस स्टॉक. तो येतो कुठून, तर आधीच्या खेपेला फुटलेल्या पेशींच्या मीडियममधूनच, म्हणजे त्या स्टॉकमधे व्हायरसबरोबर जुन्या पेशींचं एलडीएच भरपूर असणार, तू ते पिपेटनं स्वतःच प्लेटमधे घालतेयस आणि मग मोजतेयस. तासभर व्हायरस चिकटू दे, मग पेशी नीट धुऊन घे, आणि शून्य तासाचं रीडिंग न चुकता घे. दुसरी म्हणजे सीरम. फीटल बोव्हाइन सीरममधे वासराचं स्वतःचं एलडीएच असतं, त्यामुळे पेशी न घातलेल्या नुसत्या मीडियमचा ब्लँक पाहिजेच, आणि जमलं तर ॲसे, म्हणजे ही मोजणी, करताना सीरम कमी केलेलं बरं.

कुठला व्हायरस वापरलास ते लिहिलं नाहीयेस, पण पेशी फोडणारे बरेचसे व्हायरस पेशीचं स्वतःचं प्रोटीन बनवणं आधी बंद पाडतात. पोलिओचं उदाहरण घे. त्याचं २ए नावाचं प्रोटीएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम) पेशीतलं ईआयएफ४जी, म्हणजे प्रोटीन बनवणं सुरू करायला लागणारं एक प्रोटीन, कापतं, आणि काही तासांत पेशीची बहुतेक प्रोटीनं बनणं थांबतं. पण थांबलं म्हणून आधी बनलेली एन्झाइम लगेच नाहीशी होत नाहीत. ज्याचं आयुष्य लांब ते टिकून राहतं, आणि ऑर्निथिन डिकार्बोक्झिलेजसारखं ज्याचं अर्धायुष्य मिनिटांत मोजायचं असतं ते बघताबघता खाली येतं. एकाच फ्लास्कमधे एक एन्झाइम पडलं आणि दुसरं जागेवर राहिलं तर व्हायरसनं पहिल्याला निवडून मारलं असं नाही, पुरवठा दोघांचाही तुटलेला असतो.

आणि गाईडना एक किस्सा जरूर सांग. १९६० मधे अमेरिकेत व्हर्नन रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असा एक व्हायरस सापडला की तो लागला की उंदराच्या रक्तातलं एलडीएच पाच ते दहा पट चढतं आणि चढलेलंच राहतं, आणि उंदीर मात्र बरा दिसतो. पुढे कळलं की रक्तातलं जुनं एलडीएच उचलून नेणाऱ्या ज्या मॅक्रोफेज पेशी असतात त्यातल्याच काही हा व्हायरस मारतो. कचऱ्याची गाडी आली नाही की सोसायटीत ढीग दिसतो, म्हणून सोसायटीवाल्यांनी कचरा जास्त केला असं थोडंच असतं. त्या व्हायरसचं नावच मुळी लॅक्टेट डिहायड्रोजनेज एलिव्हेटिंग व्हायरस पडलंय.

ताई, नातवाला डेंग्यू झाला होता, आता बरा आहे. पण रिपोर्टमधे एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही वाढलेलं होतं, एसजीओटी जास्त. डेंग्यूचा व्हायरस ही एन्झाइम बनवतो का? आणि लिव्हरला कायमचं काही झालं नसेल ना? (निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार)

काका, नाही बनवत. ती एन्झाइम नातवाचीच. वरच्या उत्तरात एलडीएचचं जे लिहिलंय तेच इथे, फक्त फ्लास्कच्या जागी माणूस. लिव्हरच्या पेशींना मार बसला की आतलं एन्झाइम रक्तात येतं आणि लॅबवाले ते मोजतात. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचं, एसजीओटी लिव्हरमधे असतं तसं स्नायूंत, हृदयात, लाल रक्तपेशींतही असतं, आणि डेंग्यूत अंग मोडून येतं ते तुम्ही बघितलंच असेल, त्यामुळे डेंग्यूत बहुतेकदा एसजीओटीच पुढे असतं. उतरतानाही दोघं बरोबर उतरत नाहीत. रक्तात एसजीओटीचं अर्धायुष्य साधारण १७ तास आणि एसजीपीटीचं ४७ तासांच्या आसपास, म्हणून बरं होताना आधी एसजीओटी उतरतं आणि एसजीपीटी रेंगाळतं, ते बघून घाबरू नका. बहुतेकांचे आकडे काही आठवड्यांत जागेवर येतात. तरी रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून परत कधी टेस्ट करायची ते त्यांनाच विचारा, मी टेस्टट्यूबवाली, पेशंटवाली नाही. आणि पुन्हा कधी घरात डेंग्यूचा ताप आला तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, आणि पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टर सांगतील तेवढंच, कारण त्याचाही भार लिव्हरवरच.

बाकी डेंग्यू एन्झाइमशी खेळतच नाही असं समजू नका. २०१० मधे कल्चरमधल्या पेशींवर झालेल्या एका कामात दिसलं की डेंग्यूचं एनएस३ नावाचं प्रोटीन पेशीतलं फॅटी ॲसिड सिंथेज खेचून व्हायरसच्या कॉपी निघतात त्या जागी आणतं आणि तिथे त्याचा वेग वाढवतं, कारण व्हायरसला पडदे लागतात आणि पडद्यांना चरबी लागते. एन्झाइम पेशीचंच आहे, फक्त जागा बदलली आणि काम वाढलं. पण हे रक्ताच्या रिपोर्टमधे दिसणार नाही हं.

मॅडम, सगळी एन्झाइम पेशीचीच असतात तर व्हायरसचं स्वतःचं असं काही एन्झाइम असतं की नाही? आणि पेशीच्या हजारो प्रोटीनांमधून हे व्हायरसचं, हे पेशीचं, हे ठरवायचं कसं? (फार्मा कंपनीत नोकरी, गोरवा)

असतं, आणि कसं ओळखलं त्याची गोष्ट मला इतकी आवडते की वर्गात सांगताना तास संपल्याची बेल झालेली कळायची नाही.

बॅक्टेरियांच्या व्हायरसमधे, म्हणजे फेजमधे, हे आधी कळलं. टी२, टी४ वगैरे फेजच्या डीएनएमधे साध्या सायटोसिनच्या जागी हायड्रॉक्सीमिथाइल सायटोसिन असतं हे १९५२ मधेच माहीत झालं होतं, आणि ई. कोलायमधे तर ते नसतं, मग आलं कुठून? सेमूर कोहेन आणि फ्लॅक्स यांनी १९५७ मधे दाखवलं की फेज लागल्यावर काही मिनिटांतच बॅक्टेरियात ते बनवणारं एक एन्झाइम दिसायला लागतं जे आधी तिथे अजिबात नव्हतं.

प्राण्यांच्या पेशींत प्रकरण जास्त किचकट, कारण जे एन्झाइम वाढलं तेच पेशीतही थोडंथोडं असतंच. थायमिडीन कायनेज घ्या. ते थायमिडीनला फॉस्फेट लावतं, डीएनए बनवायला ते लागतं, आणि वाढणाऱ्या प्रत्येक पेशीत ते असतंच. व्हॅक्सिनिया किंवा हर्पिस लागला की ते वाढतं, इथपर्यंत ठीक, पण व्हायरसनं आणलं की पेशीचंच जागं केलं? ह्यूस्टनच्या किट आणि डब्स यांनी काय केलं, तर आधी उंदराच्या अशा पेशी निवडल्या ज्यांच्यात थायमिडीन कायनेज नाहीच. निवडायची युक्ती बघा कशी आहे ती. मीडियममधे ब्रोमोडीऑक्सियुरिडीन घालायचं. ज्या पेशीत कायनेज आहे ती त्याला फॉस्फेट लावून आपल्या डीएनएत घालते आणि मरते, ज्या पेशीत कायनेज नाही तिला ते वापरताच येत नाही म्हणून ती जगते. अशा जगलेल्या पेशी वाढवल्या, मोजून खात्री केली की ॲक्टिव्हिटी जवळपास शून्य, आणि मग १९६३ मधे त्यांना व्हायरस दिला. ॲक्टिव्हिटी आली!

तरी शंका काढणारे काढतातच, आणि काढायलाच पाहिजे. पेशीचा झोपलेला जीन व्हायरसनं उठवला असेल तर? म्हणून त्यांनी पुढचं पाऊल टाकलं, व्हायरसचेच असे म्युटंट शोधले जे लागल्यावर कायनेज येत नाही. पेशी त्याच, मीडियम तेच, फक्त व्हायरस बदलला आणि एन्झाइम गायब. जीन व्हायरसकडे आहे, आणखी काय पाहिजे? आज आपण जीन सीक्वेन्स वाचून दोन मिनिटांत सांगतो, पण तेव्हा नुसत्या पेशी निवडून आणि ॲक्टिव्हिटी मोजून एवढं गाठलं होतं, मला तर आजच्या रेडीमेड पाकिटातल्या प्रयोगांपेक्षा हेच जास्त भारी वाटतं.

तुमच्या लाईनचा भाग यापुढचा. हर्पिसचं थायमिडीन कायनेज पेशीच्या कायनेजइतकं चोखंदळ नाही, थायमिडीनसारखं नसलेलं काहीतरीसुद्धा ते फॉस्फेट लावून मोकळं होतं. असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध याच्यावरच चालतं. साध्या पेशीत ते जवळपास पडून राहतं, हर्पिस लागलेल्या पेशीत व्हायरसचं कायनेज त्याला पहिला फॉस्फेट लावतं, उरलेले दोन पेशीची कायनेज लावतात, आणि तयार झालेला ट्रायफॉस्फेट व्हायरसच्याच डीएनए पॉलिमरेजला अडवतो. गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं त्यामागच्या कामांत हेही होतं. आणि असायक्लोव्हिरला न जुमानणारे हर्पिस जे सापडतात त्यातल्या बहुतेकांनी आपलं कायनेजच घालवलेलं असतं, म्हणजे किट आणि डब्स यांनी प्लेटमधे शोधलेत तसलेच म्युटंट आता पेशंटमधे.

पण प्रत्येक वेळी थायमिडीन कायनेज वाढलं की व्हायरसचं, असंही नाही. माकडांच्या एसव्ही४० या छोट्या व्हायरसचा जीनोम जेमतेम ५,२४३ बेस जोड्यांचा, हर्पिसचा १,५२,००० च्या आसपास. एसव्ही४० कडे असलं काही ठेवायला जागाच नाही, तो आपल्या टी अँटिजेन नावाच्या प्रोटीननं पेशीला डीएनए बनवण्याच्या टप्प्यात ढकलतो आणि मग पेशीचं स्वतःचं कायनेज वाढतं. मीटरवरचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसेल. औषध मात्र एकाच ठिकाणी चालेल.

ताई, पेशी किती जिवंत ते बघायची एमटीटी टेस्ट केली. व्हायरस दिलेल्या वेल्समधे २४ तासांनी जांभळा रंग मॉकपेक्षा जास्त! मायक्रोस्कोपखाली तर पेशी बिघडायला लागलेल्या दिसतायत. प्लेट चुकली का? (विद्यार्थी, फतेगंज)

चुकलीच असं नाही. एमटीटी पिवळं असतं, पेशीतली डिहायड्रोजनेज त्याचं जांभळं फॉर्मझान करतात, १९८३ मधे मोसमननी ही पद्धत काढली तेव्हापासून सगळे त्याला "जिवंत पेशी मोजणं" म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. मोजली जाते ती पेशींची धावपळ, डोकी नाही. बरेच व्हायरस सुरुवातीला पेशीचं ग्लुकोज खाणं वाढवतात. सायटोमेगॅलोव्हायरस लागला की ग्लायकोलिसिस जोरात चालतं आणि कार्बन फॅटी ॲसिडकडे जातो, हर्पिस सिम्प्लेक्स लागला की पिरिमिडीन बनवण्याकडे कल असतो, एकाच कुळातले दोघं पण पेशी वापरायची तऱ्हा वेगळी. त्यामुळे पेशी आजारी आणि रंग गडद हे एकत्र होऊ शकतं. ट्रिपॅन ब्लूनं (हा रंग मेलेल्या पेशींतच शिरतो) डोकी मोज, किंवा क्रिस्टल व्हायोलेटनं चिकटून राहिलेल्या पेशी रंगव, आणि ४८ आणि ७२ तासांचंही बघ.

आणि एक, "स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी" काढताना सांभाळ. ॲक्टिव्हिटी भागिले प्रोटीन, बरोबर? इन्फेक्टेड प्लेटमधून पेशी सुटून धुण्यात वाहून जातात, एन्झाइम काही प्रोटीनांपेक्षा जास्त टिकतं, तर खालचा आकडा घसरतो आणि भागाकार चढतो. ग्राफमधे तीनपट वाढ, प्लेटमधे वाढ शून्य. असे ग्राफ मी इतके तपासलेत की आता आधी प्रोटीनचा कॉलम मागते आणि मग पुढचं वाचते.

एन्झाइम खरंच वाढलंय का याची अजून एक जुनी चाचणी आहे, हल्ली कुणी करत नाही. इन्फेक्टेड पेशींचं एक्स्ट्रॅक्ट आणि मॉकचं एक्स्ट्रॅक्ट निम्मंनिम्मं मिसळायचं आणि मोजायचं. बरोबर सरासरी आली तर एन्झाइमचं प्रमाणच बदललंय. सरासरीपेक्षा कमीजास्त आली तर एकीकडे काहीतरी आहे जे एन्झाइमला दाबतंय किंवा चढवतंय. खर्च काही नाही, पाच मिनिटांचं काम.

आमच्या लॅबमधे व्हायरस दिलेल्या फ्लास्कमधे आर्जिनिन भलत्याच वेगानं संपतं. सिनियर म्हणतात व्हायरसचं आर्जिनिन डिमिनेज असणार. तुम्हाला काय वाटतं? (लॅब टेक्निशियन, मकरपुरा)

मला मायकोप्लाझ्मा वाटतो, म्हणजे कल्चरमधे चोरून वाढणारा एक अगदी बारीक बॅक्टेरिया. १९६३ मधे शिम्के आणि बॅराइल यांनी दाखवलं होतं की सेल कल्चरमधे सापडणाऱ्या मायकोप्लाझ्मामधे आर्जिनिन मोडणारं हे एन्झाइम असतं, आणि ते सगळं आर्जिनिन खाऊन टाकतं. मीडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, सेल वॉलच नाही म्हणून पेनिसिलिनचा उपयोग नाही, आणि इतका बारीक आणि लवचिक की फिल्टरमधूनही निसटतो. आणि तुमच्या केसमधे फक्त व्हायरसवाल्याच फ्लास्कमधे आर्जिनिन संपतंय म्हणजे पेशी बहुतेक साफ असतील, मायकोप्लाझ्मा व्हायरस स्टॉकमधून येत असेल, तेव्हा नुसत्या पेशींची टेस्ट करून निर्धास्त होऊ नका. स्टॉकचं पीसीआर करा. निघाला तर तो स्टॉक ऑटोक्लेव्हमधे, मायेनं ठेवायचा नाही, कितीही जुना असला तरी.

चांदीपुरा व्हायरस आपल्या गुजरातमधे परत आला होता, त्यावरच प्रोजेक्ट करायची इच्छा आहे, आमच्या कॉलेजात साधा लॅमिनार (गाळलेल्या हवेचं टेबल) आहे, जमेल? (टीवायबीएससी, कारेलीबाग)

नाही जमणार, आणि जमवायचंही नाही. चांदीपुरा १९६५ मधे नागपूरजवळ सापडला, पुण्याच्या संस्थेनं वेगळा केला, सँडफ्लाय चावून पसरतो आणि लहान मुलांना काही तासांत कोमात नेतो, २००४ मधे गुजरातच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत आणि २०२४ मधे परत आपण बघितलंय. लॅमिनार तुमच्या पेशींना तुमच्यापासून वाचवतो, तुम्हाला व्हायरसपासून नाही, काही तर उलट हवा तुमच्याच तोंडावर फेकतात.

त्यापेक्षा फेज घे. विश्वामित्रीचं पाणी किंवा ड्रेनेजचं पाणी (नदीवर उतरताना मगरी बघून हं, चेष्टा नाही) फिल्टर करून ई. कोलाय के-१२ च्या लॉनवर (प्लेटभर वाढलेल्या थरावर) टाक, प्लाक, म्हणजे बॅक्टेरिया फुटून पडलेले स्वच्छ ठिपके, येतील. हातमोजे घालायचे, सरांना विचारून करायचं, उरलेलं ऑटोक्लेव्ह करायचं. एका फ्लास्कमधे आयपीटीजी (बॅक्टेरियाला हे एन्झाइम बनवायला लावणारं रसायन) आधी देऊन बीटा-गॅलॅक्टोसिडेज बनवून घे आणि मग फेज दे, दुसऱ्यात फेज आधी आणि आयपीटीजी दहा मिनिटांनी. मधूनमधून सॅम्पल काढून ओएनपीजी घाल (हे एन्झाइम ते तोडतं आणि पिवळा रंग येतो), रंग ४२० नॅनोमीटरला वाच. पहिल्या फ्लास्कमधे पेशी फुटल्या की एन्झाइम बाहेर सांडताना दिसेल. दुसऱ्यात फेज भरपूर टाकला असशील आणि तो टी४ सारखा असेल तर रंगच येणार नाही, कारण बॅक्टेरियाचं नवीन एन्झाइम बनवणंच बंद झालेलं असतं. पॅरिसला मोनो आणि वॉलमन यांनी १९४७ मधे हेच बघितलं होतं. तुझा फेज वेगळ्या जातीचा निघाला आणि रंग आला तर तो का आला हाच तुझा प्रोजेक्ट.

माझं शिक्षण कॉमर्सचं, पण मुलीचं प्रोजेक्ट ऐकून ऐकून विचारावंसं वाटलं. व्हायरस एवढं सगळं करतो तर पेशी नुसती बघत बसते का? (गृहिणी, मांजलपूर)

अजिबात नाही, आणि कॉमर्सवाल्यांना सुचलेला प्रश्न सायन्सवाल्यांच्या अर्ध्या रिपोर्टांत नसतो. व्हायरस आलाय हे कळलं की पेशी इंटरफेरॉन सोडते, १९५७ मधे लंडनमधे आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना ते सापडलं, आणि तेही कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याला उष्णतेनं मारलेला फ्लूचा व्हायरस देऊन. मेलेल्या व्हायरसनंही पेशी सावध होते. म्हणून प्रयोगात यूव्हीनं मारलेल्या व्हायरसचा वेगळा कंट्रोल ठेवतात, मुलीनं ठेवलाय का विचारा.

इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना लागलं की त्या पेशी काही एन्झाइम बनवून ठेवतात. त्यातलं एक ओएएस, दुसरं पीकेआर. ही बनलेली असतात पण स्वस्थ पडून असतात, दोन पदरी आरएनए दिसला तरच जागी होतात, आणि तो बहुतेक वेळा व्हायरस कॉपी काढताना बनतो. ओएएस जागं झालं की एक छोटा रेणू बनवतं, त्यानं आरएनेज एल नावाचं एन्झाइम चालू होतं, आणि ते आरएनए कापत सुटतं, व्हायरसचा आणि स्वतःचाही. पीकेआर तर प्रोटीन बनवणंच थांबवतं. पेशी स्वतःचं नुकसान करून घेते पण व्हायरसला वाढू देत नाही. आता यातलं ओएएस वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन किती आहे ते पट्टीच्या रूपात दाखवणारी टेस्ट) बघितलं तर व्हायरस यायच्या आधी आणि नंतर पट्टी तेवढीच जाड दिसू शकते, काम मात्र आधी शून्य आणि नंतर जोरात, म्हणून पट्टी बघून ॲक्टिव्हिटी सांगता येत नाही, ती वेगळी मोजावीच लागते.

आणि मुलगी जर वरच्या प्रतापगंजवालीसारखीच व्हेरो सेल्स वापरत असेल तर तिला एक सांगा. त्या पेशी १९६२ मधे जपानमधल्या चिबाला आफ्रिकन ग्रीन मंकीच्या किडनीपासून काढल्या, आणि त्यांच्यात टाइप वन इंटरफेरॉनचे जीनच गळालेले आहेत. बाहेरून इंटरफेरॉन दिलं तर त्या ऐकतात, पण स्वतः बनवत नाहीत. त्यामुळेच व्हायरस तिथे बिनधास्त वाढतात, कोव्हॅक्सिनसाठीचा व्हायरसही व्हेरोवरच वाढवला होता. तेव्हा व्हेरोमधे ओएएस वाढलं नाही म्हणून "हा व्हायरस इंटरफेरॉनला चकवतो" असं मुलीनं लिहायचं नाही, आधी तोच व्हायरस ए५४९ (माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी) सारख्या इंटरफेरॉन बनवणाऱ्या पेशींत देऊन बघायचा.